निळ्या रेघेपर्यंत

अमेरिकेतल्या ग्रीक चर्चच्या मैदानात शेकोट्या तीन. त्यांत जाळायचे, मे महिन्यापासून दारांवर वाळलेले फुलांचे हार सव्वीस. मातीचा घडा एक, गळ्याला निळी रेघ. नळ पार्किंग लॉटच्या पलीकडे, दोनशे दहा पावलांवर.

"पाणी रेघेपर्यंत भरायचं," कॅलिओपीची आजी म्हणाली. "आणताना तोंडातून आवाज निघाला तर बाद. बोटभर सांडलं तरी बाद. मग यंदा पोरींच्या अंगठ्या घड्यात पडणार नाहीत, कोणाचं नशीब निघणार नाही." तिने विनीताकडे पाहिलं. "ही बाहेरची. ही बोलेल."

"नाही बोलणार," कॅलिओपी म्हणाली. "माझी रूममेट आहे."

डॉक्टर राजाराम हसले. "अगं, घरी पाच मिनिटं गप्प बसत नाही ही!"

"वॉच मी, बाबा," विनीता म्हणाली आणि घडा घेऊन गेली.

ती नळावरून निघाली तेव्हा पिकअप आडवा आला. तिघं उतरले. तेवीस जून, साडेआठ, अजून उजेड होता. मैदानात क्लॅरिनेट जोरात वाजत होतं; माणसं ओरडत आगीवरून उड्या मारत होती.

"ए डॉटहेड, कुंकू विसरलीस?"

ती चालत राहिली.

"बोल की! इंग्लिश येत नाही?"

एकाने वेणी धरून मागे ओढली. दुसऱ्याने थोबाडीत मारली. तिचे दोन्ही हात घड्याला होते, म्हणून चेहऱ्यापुढे एकही आला नाही. तिने ओठ दातांत धरला. तिसऱ्याने बिअरची बाटली तिच्या कपाळावर फोडली. ती गुडघ्यांवर बसली. घडा छातीशी होता. रक्त पाहून तिघं पळाले. पिकअप निघून गेला.

ती उठली. पावलं मोजत आली.

क्लॅरिनेट थांबलं. राजाराम धावले. तिचा डावा डोळा रक्ताने बंद झाला होता.

"कोणी मारलं? विनू, हाक का नाही मारलीस? मी इथेच होतो ना गं!"

तिने मान हलवली, त्यांना वळसा घातला आणि घडा आजीच्या पायाशी ठेवला.

"आता विचारा, बाबा."

म्हातारी खाली बसली. तिने रेघेखाली बोट आडवं लावलं. पाणी अर्धं बोटच उतरलं होतं.