गोल्फमध्ये आउट नसतं

झुलाल आबांनी काठी उलटी धरली, मुठीची बाजू जमिनीला टेकवली, पाय फाकवले आणि कंबर अशी काही मुरडली की ओट्यावर बसलेल्या भिकुबाईंनी पदर तोंडाला लावला. मग आबांनी हाणलं. लिंबू आवारातून सुसाट गेलं ते थेट वाळत घातलेल्या मिरच्यांमध्ये.

"आते मिरच्यासमा खेळशात का?" भिकुबाई म्हणाल्या.

"सराव शे हाऊ. तठे हिरवंगार मैदान राही, समुद्रना काठे!"

तठे म्हणजे मायोर्काला. भूमध्य समुद्रातलं स्पेनचं एक बेट. एरंडोलच्या त्या गल्लीत आठवडाभर दुसरा विषयच नव्हता, कारण आबा दुसरा विषय कोणाला काढू देत नव्हते. लेक मोनाली आणि जावई समाधान जर्मनीहून येणार, हे दोघं इथून जाणार आणि चौघं मिळून सुट्टीभर गोल्फ खेळणार. पोरांचा क्रिकेटचा चेंडू आवारात आला तर तो परत न देणारा हा माणूस! त्याला उतारवयात खेळाचं वेड कुठून लागलं, हे नवरा-बायकोच्या इतक्या वर्षांच्या संसारानंतरही भिकुबाईंना उमगत नव्हतं.

वेड कसलं, ते बापलेकींनी मिळून शिजवलेलं कारस्थान होतं. नातवंडाचं तोंड दिसेपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा भिकुबाईंच्या माहेरचा नियम. मोनालीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि आईचं पाऊल तिच्या घराला लागलं नव्हतं. बोलावून बोलावून ती थकली. शेवटी यंदा तिने शक्कल लढवली. घर नकोच, हॉटेल घ्यायचं. आणि इतक्या लांबच्या बेटावर का, तर आबांना गोल्फ खेळायचंय! गंमत अशी की सोंग नीट वठावं म्हणून मोबाइलवर गोल्फ पाहता पाहता आबा खरोखरच त्या खेळाच्या नादी लागले होते. जेवताना भाकरी मोडायच्या आधी त्यांचे खांदे फिरायचे.

आता फक्त भिकुबाईंचा होकार राहिला होता.

"नावमाच माय शे," आबा ओट्यावर टेकत म्हणाले. "माय-ओर्का! तुले नही कसं म्हणता येई?"

भिकुबाई हसल्या, तशा आबांच्या मनात उकळ्या फुटल्या. तेवढ्यात मोनालीचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, खोल्या बघितल्या! खिडकीतून समुद्र दिसतो. सकाळी आबा खेळायला जातील, आपण दोघी झाडाखाली बसू. संध्याकाळी वाळूत फिरू. मी तुझ्यासाठी चपला पण घेतल्यात!" मोनाली एका दमात बोलत होती. आबा मध्येच घुसून मैदान केवढं, झेंडा कुठे, भोक केवढं, हे हातवारे करून सांगत होते. दोघांना आवरणं कठीण होतं.

भिकुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग साधासा प्रश्न विचारला.

"यामा आउट कसा व्हस?"

"बॉल पाण्यात पडला की," आबा म्हणाले.

"तीन चुका झाल्या की," मोनाली त्याच वेळी म्हणाली.

फोनमध्ये मागून समाधानचं हसू ऐकू आलं. "अहो मामा, गोल्फमध्ये आउट नसतंच!"

बापलेकीचं पितळ उघडं पडलं. आबा काठीच्या मुठीवरची माती पुसू लागले.

"मंग खेळनं कोणले शे?" भिकुबाईंनी विचारलं.

मोनालीचा चेहरा एवढासा झाला. "कोणालाच नाही, आई. हॉटेल आहे ना ते, माझं घर नाही. पाणीही हॉटेलचंच. तिथे तरी चालेल ना तुला माझ्याजवळ राहिलेलं?"

आता ही फोन माझ्या हातात देणार, आत जाणार आणि पुन्हा या विषयाचं नावही काढू देणार नाही, हे आबांना दिसू लागलं. मायोर्का गेलं, गोल्फ गेलं, लेकीची भेटही गेली.

पण भिकुबाईंनी फोन सोडला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"घोटभर पानीसाठे मनी पोर बेट धुंडी ऱ्हायनी," त्या आबांना म्हणाल्या. मग नाक पुसून त्यांनी फोन तोंडाजवळ आणला. "त्या बेटवर जातांना तुनं गाव लागस का?"

"विमान इथेच बदलायचंय."

"मंग पहिले तुनाच घर येसूत. बेट नंतर."

मोनाली डोळे पुसू लागली. समाधान धावत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. आबांना आनंदाने काय करावं ते सुचेना, आणि भलतंच तोंडातून निघून गेलं.

"अन् गोल्फ?"

"तो बी खेळसूत. माले बी शिकाडा," भिकुबाई म्हणाल्या आणि पुन्हा लेकीकडे वळल्या. "रडू नको, बाई. फोन फिराव. पेवानं पानी कोठे शे तुनं, दखाड."

"आई, इथे माठ नाही गं. नळालाच येतं प्यायचं."

"मंग नळ सोड," भिकुबाई म्हणाल्या. "दखू दे माले."