मशीनच्या पोटातलं मशीन

लेकीच्या जेवणाचा डबा घेऊन सुभेदार नाथाजी कारखान्याच्या ऊसकाट्यावर पोचले, तेव्हा चेअरमन धैर्यशीलराव उत्कर्षाच्या खुर्चीमागं उभे होते. काट्याचा कॉम्प्युटर तीच सांभाळायची. दार उघडंच होतं.

"तपासणीवाले आले की स्क्रीनवरचं डावीकडचं मशीन लावायचं. एरवी उजवीकडचं, टनामागं पन्नास किलो खाली. आणि प्रत्येक ट्रॉलीचा आकडा माझ्या केबिनमधल्या स्क्रीनवर दिसला पाहिजे."

"व्हय, साहेब," उत्कर्षा म्हणाली.

नाथाजींनी डबा खिडकीत ठेवला आणि तसेच माघारी फिरले. कुंपणच शेत खातंय म्हणावं, तर कुंपण घरचंच निघालं.

संध्याकाळी त्यांनी साळसूदपणे विचारलं, की एका कॉम्प्युटरच्या पोटात ही आणखी मशिनं कशाला घालतात. अठ्ठावीस वर्षं फौजेत सिग्नलला काढलेला माणूस, अगदीच अडाणी नव्हता. उत्कर्षानं भाकरी मोडत कारणं सांगितली. काट्याचं सॉफ्टवेअर जुनं, नव्या विंडोजवर चालत नाही. म्हणून जुनं विंडोज आतल्या व्हर्च्युअल मशीनवर मांडायचं. काही नवं करून बघायचं तर तेही आत बघायचं, बिघडलं तर पुसून टाकायचं. एकात व्हायरस शिरला तरी शेजारचं शाबूत राहतं.

"आनि चौथं कारण?"

"चौथं न्हाई सांगता येत, आबा."

त्या दिवसापासून नाथाजी लेकीशी बोलायचे बंद झाले. पंधरा दिवस झाले तरी बापलेकीत शब्द नाही. तक्रार करू नका म्हणून बनुबाईनं नवऱ्यापुढं हात जोडले. एकुलती पोर, नोकरी तर जाईलच, वर तुरुंगाची हवा खाईल, लग्न कुठं जमायचं तिचं. नाथाजींना रात्र रात्र झोप नव्हती; पण मन हटत नव्हतं.

"पोरगी माझी हाय," ते म्हणाले, "पर ऊस गावाचा हाय."

बाहेर वजन केलेला ऊस आमच्या गव्हाणीत येणार नाही, असा कारखान्याचा फतवाच होता. कुणाची हिंमत होत नव्हती. नाथाजी म्हणाले, फतवा गेला खड्ड्यात. भरली ट्रॉली त्यांनी भर दुपारी माधवनगर रस्त्याच्या खाजगी काट्यावर चढवली. ट्रॅक्टरसकट सोळा टन चाळीस किलो. पावती बंडीत घातली. शेजारी पायजमा-टोपीत बसले होते वजनमाप खात्याचे निरीक्षक धनपाल मगदूम. खुर्चीत माझीच लेक आहे, तिला सोडू नका, असं नाथाजींनी त्यांना आधीच बजावलं होतं.

ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर चढली. उत्कर्षानं खिडकीतून बापाकडं पाहिलं, मग शेजारच्या अनोळखी माणसाकडं. कोण म्हणून विचारलं. नाथाजी पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

"पाव्हणं हायती. ऊस बघाय आल्यात. तू रोजच्यागत कर."

ती जागची हलली नाही, काही बदललं नाही. बटण दाबलं, पावती बाहेर आली. नाथाजींनी ती मगदूमांना दिली, स्वतः वाचायचा धीर होईना. मगदूमांनी दोन्ही पावत्या शेजारी धरल्या, एकदा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या.

"सुभेदार, सोळा टन चाळीस. किलोचा फरक न्हाई."

आपण कानांनी ऐकलं ते काय होतं मग? पोटच्या पोरीवर सरकारी माणूस आणून बसवला आणि वजन निघालं चोख. मान वर करून तिच्याकडं बघायची लाज वाटली.

तेवढ्यात चेअरमनच्या केबिनचं दार आपटलं. गेटवरच्या माणसानं फोनवरून चुगली केली होती, की सुभेदाराची ट्रॉली माधवनगरहून तोलून आली आहे. धैर्यशीलराव तरातरा चालत आले. टोपीवाल्या पाव्हण्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. त्याच्या हातातली पावती ओढून घेतली, वाचली आणि खिडकीवर हात आपटला.

"सोळा चाळीस? ही पूर्ण वजनाची पावती कशी निघाली? माझ्या स्क्रीनवर तर पंधरा टन दोनशे चाळीस आलंय!"

उत्कर्षा खुर्चीतून उठली नाही.

"तुमच्या स्क्रीनवर पयल्या दिवसापास्नं कमीच येतंय, साहेब," ती म्हणाली. "पावत्या डावीकडच्या खऱ्या मशीनवरच निघत्यात. कमी आकडा फकस्त तुमच्याच स्क्रीनला."