पक्का मासा

१९७४ साली सोलापुरात समुद्र एकाच ठिकाणी होता, आमच्या करमाळकर सरांच्या पडवीत. काचेच्या टाकीत खारं पाणी, पोवळ्याचा खडक, पाण्यातले जंतू मारणारी अतिनील दिव्याची नळी आणि सरांनी मुंबईहून डबा मांडीवर धरून आणलेला एक पट्टेरी मासा.

माशाच्या अंगावर बुरशी आली, तो जेवेना, म्हणून सरांनी पाण्यात निळं औषध घातलं. दुसऱ्या दिवशी पाणी नितळ आणि मासा कोपऱ्यात आडवा. पुन्हा औषध घातलं, पुन्हा नितळ. शेवटी सरांनी शेजारच्या बालय्यांना बोलावलं. त्यांचा चादरींचं सूत रंगवायचा कारखाना होता. रंगाच्या पाण्याबाबत त्यांचा शब्द शेवटचा.

"सोपं हाय की सर," ते म्हणाले. "पाणी साफ झालं म्हंजे सगळा रंग मालानं पिला."

मग त्यांनी मासा ओंजळीत घेऊन पांढऱ्या रुमालानं हळूच पुसला. रुमाल कोराच राहिला.

"बघा. रंग पक्का बसलाय. धुतला तरी जायचा न्हाय."

मासा आणखी मलूल झाला.

त्याच संध्याकाळी दिव्याची नळी उडाली. सरांनी पुन्हा औषध घातलं, तर पाणी चार दिवस निळंच राहिलं. नळी जंतूंबरोबर औषधही संपवत होती, हे तेव्हा कुठं सरांना कळलं. पाचव्या दिवशी बुरशी गेली, मासा दाणे मागू लागला. सरांनी आनंदानं बालय्यांच्या हातावर पेढा ठेवला.

बालय्यांनी पेढा तोंडात टाकला आणि त्या निळ्या पाण्यात बोट बुडवून बघितलं.



"मासा बरा झाला सर," ते म्हणाले, "पण रंग सगळा वाया गेला."