फुलीच्या आडोशाला

“तोफ या अंगणातच लागेल,” मेजर म्हणाला, “आणि छपरावरची लाल फुली आहे तशीच राहील.”

आक्का दवाखान्याच्या पायरीवर उभी होती. ती इथली मुख्य नर्स. आत एकशे दहा रुग्ण होते. खाटा संपल्या तेव्हा गाद्या व्हरांड्यात आल्या. गाद्या संपल्या तेव्हा खोल्यांची दारं उचकटून आडवी टाकली. हलवता येईल असा त्यांतला एकही नव्हता. फाटकात तोफ येऊन थांबलेली, आणि सहा शिपाई तिच्या चाकांना खांदा लावून हुकमाची वाट बघत होते.

“साहेब, फुलीखाली तोफ ठेवत नाहीत. एवढं तर शिकवलं असेल तुम्हाला.”

“बाई, लढाई पुस्तकातून होत नाही. समोरच्या टेकडीवर शत्रू दुर्बीण लावून बसलाय. गावात दुसरीकडे कुठंही तोफ लावली तर तासाभरात उडवतील. इथे नाही उडवणार. दवाखान्यावर गोळा टाकायला ते अजून कचरतात.”

“वा! म्हणजे शत्रूच्या माणुसकीवर तुमचा आमच्यापेक्षा जास्त भरवसा. आणि तीच माणुसकी तुम्ही जाळणार. इथून एक गोळा सुटला की पुढे कुठल्याच फुलीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.”

“देशापुढे तुमची फुली मोठी नाही!”

आजाऱ्यांच्या पांघरुणात लपणाऱ्याला देश हा शब्द फार लवकर आठवतो. आक्काने कंपाउंडरला हाक मारली. “मामा, शिडी लावा. डांबराचा डबा आणा.”

“आक्का, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“आहे म्हणूनच सांगते.”

ती भर उन्हात छपरावर चढली. दर शनिवारी याच फुलीवरची काजळी पुसून नर्सा पाळीपाळीने लाल रंग देत. आज तिने फुलीच्या एका हातावर डांबराचा कुंचला फिरवला. हात काळा पडला. ती दुसऱ्या हाताकडे वळली.

“साहेब,” ती वरून ओरडली, “तोफ राहणार असेल तर फुली जाणार. खोटी फुली मी ठेवणार नाही.”

मेजरने टेकडीकडे पाहिलं. मग छपराकडे. फुली नसलेलं अंगण गावातल्या इतर अंगणांसारखंच होतं. आक्काच्या पायाखाली एकशे दहा जीव होते आणि साहेबाने हट्ट धरला असता तर सगळे उघड्यावर पडले असते. हे तिला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. कुंचला मात्र थांबला नाही.

“तोफ मागे घ्या,” मेजर दात खात म्हणाला.

शिपायांनी इतक्या झटकन तोफ वळवली की त्यांच्याही मनात तेच असावं.

आक्का शिडीवरून उतरली, मामांना लाल रंगाचा डबा आणायला सांगितलं आणि रॉकेलच्या बोळ्याने हात पुसू लागली. जीपमध्ये चढता चढता मेजरने तोंडसुख घेतलंच. “दोन महिने हे गाव शत्रूच्या ताब्यात होतं. तेव्हा कुठं गेली होती ही हिंमत? आपल्याच माणसांपुढे बरी जीभ चालते!”

“त्यांचाही साहेब तोफ घेऊन आला होता,” आक्का म्हणाली. “तीही याच फाटकातून परत गेली. आणि जाताना तोही मला असंच बोलला, साहेब. फक्त तो शत्रू तुम्हाला म्हणत होता.”