श्वास पुसण्याचा धडा

कोकणातल्या नांदगावच्या नम्रताने आवाजाचं संपादन पुस्तकावरून शिकायला घेतलं होतं. तिच्या आईला येणारी लग्नातली गाणी आता गावात दुसऱ्या कोणालाच येत नव्हती. ती रेकॉर्ड करून, साफ करून ठेवायची, एवढाच तिचा बेत होता.

त्या दुपारी तिने सहावा धडा केला. रेकॉर्डिंगमधली पंख्याची घरघर निवडली आणि पुसून टाकली. आईचा आवाज एकदम स्वच्छ झाला.

सातव्या धड्यात लिहिलं होतं, ‘दोन ओळींमधले श्वास ऐकणाऱ्याला खुपतात. ते एकेक करून काढा.’ आईला दमा होता, ती धापा टाकत गायची. नम्रताने एकही श्वास शिल्लक ठेवला नाही. फाईल सेव्ह करून तिने हेडफोन काढला.

खोली फार शांत वाटली. बाहेर कावळा ओरडला, तो स्पष्ट ऐकू आला. वीज गेली असेल म्हणून तिने वर पाहिलं. पंखा जोरात फिरत होता, वाराही लागत होता. घरघर मात्र नव्हती.

ती धावत पडवीत गेली. आई कोकमांसाठी रातांबे फोडत बसली होती. धापेने सतत हलणारे तिचे खांदे स्थिर होते.

नम्रताने तिच्या नाकाखाली हात धरला.

“ह्या काय करतंस गो?” आई हसली. “माका काय झाला?”

ती बोलत होती, हसत होती, आणि नम्रताच्या तळहाताला काहीच लागत नव्हतं.