विस्कटलेले थर

या, असे जवळ सरकून बसा. एका हिरव्या पुडीची गोष्ट सांगते; ऐकून जीव निवेल.

प्रयोगशाळेत संशोधन करणारी ताई पुडीच्या क्ष-किरण तपासणीचा आलेख बघून मटकन स्टुलावर बसली. ही पुडीची शेवटची खेप. हिनंही चार्ज धरला नाही, तर तिचे मार्गदर्शक सर विषयच बंद करणार होते. चार वर्षं पाण्यात.

विषय निकेल हायड्रॉक्साइडचा. बॅटरीच्या प्लेटमध्ये भरतात ती हिरवी पूड. तिच्या कणात घडी करून रचलेल्या चादरींसारखे थर असतात. थर जितके नेटके तितका चार्ज जास्त, असं ताईनं मनाशी पक्कं धरलेलं. म्हणून पूड पाण्यासकट पोलादी डब्यात घालायची आणि तीन दिवस भट्टीत ठेवायची. तीन दिवसांच्या उष्णतेनं थर सुरेख जमायचे. चार्ज मात्र दर खेपेला कमीच.

आणि आज तर थरही विस्कटलेले! आलेखात नेटक्या थरांच्या टोकदार सुळक्यांऐवजी बसक्या टेकड्या.

"काकू, ही पूड टाकून द्या."

काकू तिथल्या जुन्या मदतनीस. भांडी विसळण्यापासून भट्टी सांभाळण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. "पूड दाबून प्लेट झालीय, ताई. लावून तर बघा. ती काय जेवायला मागतेय?"

ताईला हसू आलं. तिनं प्लेट चार्ज मोजायच्या यंत्राला लावली.

आठवड्यानं सर यंत्रापुढून हलेनात. चार वर्षांतला सगळ्यात मोठा आकडा! कितीदा भरून उतरवली, तरी प्लेट दमेना.

"अगं, थर विस्कटलेत म्हणूनच चार्जला आत-बाहेर करायला वाट मिळाली. घडी फार घट्ट बसली की शिरायचं कुठून? पण हे तू केलंस कसं?"

"मी काहीच वेगळं केलं नाही, सर. डबा भट्टीत ठेवला आणि लेकीला ताप आला म्हणून घरी गेले. भट्टी काकूंवर..."

ताई बोलता बोलता थांबली. काकूंकडे वळली.

"काकू, तुम्ही तर दोन दिवस माझ्या घरी होतात. लेकीच्या उशाशी. मी विचारलं तर म्हणालात, भट्टीची सोय केलीय. मग इथं कोण होतं?"

काकू हात पुसत राहिल्या. "कोण असणार? चालू भट्टी सोडून जायचं नाही, हा नियम. म्हणून पहिल्याच दिवशी बंद केली, आणि देवावर हवाला ठेवून तुमच्याकडे आले."

मंडळी, कुणाच्या दुखण्याखुपण्याला हातातलं काम टाकून उठाल, तेव्हा आमच्या काकूंची आठवण तेवढी ठेवा.