जरा जवळ आणा

ध्वनिमिश्रकाच्या टेबलावरचे एक बटण कशालाच जोडलेले नव्हते. ऊठसूट बदल सुचवणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ते ठेवलेले होते. ते फिरवले की “हां, आता कसं झकास!” असा अभिप्राय हमखास मिळे. माणूस कानांपेक्षा डोळ्यांनीच अधिक ऐकतो, हे त्याच्या लेखी सिद्ध झाले होते.

आज समोर एक वयस्क गृहस्थ बसले होते. अपघातात गेलेल्या त्यांच्या मुलाने एका व्हिडिओ गेमच्या संगीताचे रीमिक्स अर्धवट सोडले होते. गेम खेळतानाचे स्वतःचे हसू त्याने त्यात मिसळले होते. ते रीमिक्स मिश्रकाने आता पुरे करून त्यांना ऐकवले.

“बाकी छान जमलंय हो. फक्त तो फार लांब वाटतो. जरा जवळ आणता येईल?”

मिश्रकाने सवयीने तेच बटण फिरवले. “आता बघा, काका.”

“अहो, तुम्ही बटण फिरवलंत खरं, पण तो तसूभरही हलला नाही.”

मिश्रक वरमला. त्याने खऱ्या बटणाला हात घातला आणि हसू इतके वाढवले की त्याखाली संगीत बुडून गेले. “आणि आता?”

गृहस्थांनी डोळे मिटून ते अखेरपर्यंत ऐकले.

“आवाज मोठा झाला,” ते म्हणाले. “तो आहे तिथेच आहे.”